इन्स्पेक्शनचे कान

आमच्या घरात वस्तू जुनी व्हायला ती वापरावी लागत नाही. ती कपाटात बसल्या बसल्या, काही कामधंदा न करता, जुनी होते.

हा रोग फौजेतून आला. माझे पणजोबा महूच्या छावणीत होते. त्यांच्याकडे बुटांचे दोन जोड असायचे: एक घालायचा आणि एक इन्स्पेक्शनला साहेबांना दाखवायचा. दाखवायच्या जोडात कधी पाय गेला नाही, तो फक्त चमकत राहिला. पुढे घरातली फौज संपली, पण माझ्या बाबांनी तोच नियम इलेक्ट्रॉनिक्सला लावला. त्यांनी हौसेनं कॅमेरा घेतला आणि चांगल्या प्रसंगासाठी ठेवून दिला. प्रसंग येईपर्यंत कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याच्या फोनमध्येसुद्धा त्याहून बरा कॅमेरा आला होता. टॅबलेट डब्याबाहेर निघाला तेव्हा त्यावर एकही ॲप चालायला तयार नव्हतं. मी हसलो की बाबा म्हणायचे, "एक भी स्क्रॅच आहे का? दाखव ना." स्क्रॅच खरोखरच नसायचा.

मग कानांची पाळी आली. बाबांना ऐकू येईना. आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "भेंडी करू की गिलकी?" आणि जुनी इंदूर मोहल्ल्यातली आमची अख्खी गल्ली उत्तर द्यायची, बाबा सोडून. शेवटी मी त्यांना दुकानात नेऊन दोन्ही कानांची मशीन घेतली, चार्ज होणारी. ती लावून बाबा वर बघून म्हणाले, "पंखा इतका आवाज करतो?"

घरी आल्यावर मशीन डब्यात गेली आणि डबा कपाटात.

"रोजच्यासाठी अपने कान आहेत की," बाबा म्हणाले. "मशीन लग्नाला, जयंतीला लावू."

"म्हणजे माझ्याशी बोलायला हेच फुटके कान," आई म्हणाली. तेही त्यांना ऐकू आलं नाही.

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांनी मशीन लावली, पुसली आणि परत ठेवली. पुढची दोन वर्षं कुठलाच प्रसंग त्यांना मशीन बाहेर काढण्याइतका चांगला वाटला नाही.

यंदा वाटला. माझी मुलगी जयंतीला महूच्या एका छोट्या मंडळाच्या स्टेजवर पहिल्यांदा भाषण करणार होती. भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं आणि त्यातलं निम्मं बाबांवर होतं. कंदिलाखाली बसून त्यांनी मॅट्रिक कशी काढली, ते सगळं. तिच्या सरावामुळे हे गल्लीला पाठ झालं होतं, फक्त बाबांना ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या कानाशी गेली की ते हात वर करायचे. "अभी नाही. मी मशीन लावून, सामने बसून ऐकणार."

आदल्या दिवशी डबा उघडला. मशीन नवरीसारखी चमकत होती, पण चार्जिंगचा दिवा काही लागेना. आम्ही दुकान गाठलं.

"भिया, बैटरी तो पड़े-पड़े बैठ गई," दुकानदार म्हणाला. "और ये मॉडल ही बंद हो गया. अब नया वाला आता है, फोन से चलता है." मग त्यानं बाबांचा बिनओरखड्याचा फोन उलटसुलट करून पाहिला. "इसमें उसका ऐप नहीं चलेगा, अंकल." नवीन मशीन मागवून बसवायलाही आठवडा लागणार होता. मला भयंकर राग आला. तीन वर्षांत मॉडेल मारणाऱ्यांचा यावा की ते तीन वर्षं डब्यात पुरून ठेवणाऱ्यांचा, हे मात्र ठरेना.

दुसऱ्या दिवशी बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही कानांत मेलेली मशीन लावून पहिल्या रांगेत बसले. "मुलीला सांगू नको," एवढंच मला म्हणाले. ती बोलायला लागली. ते टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होते. मॅट्रिकचा भाग आला तशी सगळी रांग वळून त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांना वाटलं भाषण संपलं, आणि ते एकटेच टाळ्या वाजवू लागले. ती क्षणभर अडखळली, मग पुढे बोलली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

परतताना मी गाडी चालवत होतो आणि ती मागे त्यांच्याशेजारी बसली होती. "आजोबा, कसं झालं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"एकदम बढिया."

"कोणतं आवडलं?"

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.  

"बेटा," ते म्हणाले, "एक शब्द ऐकू नाही आला."

तिनं सीटबेल्ट सोडला. मग ती सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली आणि त्यांच्या खांद्याला धरून, रस्त्यावरच्या ट्रकलाही ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, "आदरणीय अध्यक्ष आणि माझ्या बंधुभगिनींनो..."

बाबांनी दोन्ही मशीन काढून खिशात टाकली आणि कान तिच्या तोंडाशी नेला.