खवल्यांची वही

मासा गळाला लागला की मी पिशवी उघडायचो. मामा मात्र त्याच्या कुशीवरचं एक खवलं नखाने उपटून उन्हात धरायचे. "आधी वय विचारावं," म्हणायचे. खाणं कमी मिळालं की वाढ मंदावते आणि खवल्यावरच्या रेषा दाटीने येतात. त्या दाट पट्ट्या मोजल्या की माशाची वर्षं कळतात. हे मला चाळिशीत कळलं, तेही उल्हास नदीच्या काठावर.

मामा अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सुट्टीच्या दिवशी बदलापुरात, त्यांच्या घरामागे, आम्ही दोघं गळ टाकून बसायचो. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: शाळा नववीत सुटलेली, शिकवायची हौस मात्र सुटता सुटत नाही.

शिंगाळ्याच्या मिशांना मी एकदा हसलो. "हसतोस काय? गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? तो मिशांनी चव घेत फिरतो." रोहू चिरताना पोटातला पांढरा फुगा अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. "यातली हवा कमीजास्त करून तो पाहिजे तिथे थांबतो. आपल्याला जमेल?" अंड्यांनी फुगलेली मादी आली की सोडून द्यायचे. मी कुरकुरलो तर म्हणायचे, "तिचं काम अर्धं राहिलंय."

घरी एक जाड वही होती. पानापानावर खवली चिकटवलेली, खाली माशाचं नाव आणि वय. वय लिहायचं काम मामींचं. त्यांचं डावं अंग गेलेलं. खाटेवर बसून भिंग लावून त्या पट्ट्या मोजायच्या. "यांचं गणित कच्चं," मला सांगायच्या.

मग एका जुलैत नदीच घरात आली. तळमजला. सकाळी पायरीला लागलेलं पाणी दुपारी कमरेपर्यंत चढलं. मी, मामा आणि दोन शेजारी, अशा आम्ही चौघांनी मामींना खुर्चीसकट वर नेलं. मामा वहीसाठी मागे वळले, तर एका शेजाऱ्याने दंड धरून ओढलं. जिन्यात उभं राहून आम्ही नुसतं बघत राहिलो.

पाणी ओसरलं तेव्हा वहीचा लगदा झाला होता. मोरीतल्या चिखलात एक मरळ जिवंत सापडला. मामांना जरा बरं वाटावं म्हणून मी विचारलं, "हा पाण्याशिवाय कसा जगला?"

"बाहेरची हवा घेतो तो. ओल असली की पुरतं." एवढंच बोलले. बादली माझ्याकडे सरकवली. मरळ सोडायला नदीपर्यंत आले नाहीत.

त्या ओलीत मामींची छाती भरली. दवाखान्यात मामा त्यांच्या ऑक्सिजनच्या मास्ककडे बघत स्टुलावर बसून असायचे. नर्सला विचारलं की ती म्हणायची, "डॉक्टर सांगतील."

"माशाच्या पोटात काय कुठे असतं, डोळे मिटून सांगेन मी," मामा मला म्हणाले. "हिच्या छातीत काय चाललंय, काहीच कळत नाही रे."

मी चहा आणून दिला. तो तसाच गार झाला. पाचव्या दिवशी मामी गेल्या.

मामा चिखलोलीला मुलीकडे राहायला गेले. सातवा मजला. मी दोनदा जाऊन आलो. नदीचा विषय काढला की म्हणायचे, "राहू दे."

गेल्या रविवारी एकटाच नदीवर गेलो. कधी न पाहिलेला एक मासा लागला, अंगभर काळे ठिपके. फोटो काढून मामांना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. ओल्या हातात मासा धरून मी थांबलो. उत्तर येईना. शेवटी त्याला पाण्यात सोडलं. पण उशीर झाला होता. तो पोहला नाही, आडवा होऊन वाहत गेला.