आप्पा वर, अव्वा खाली, नात अमेरिकेत

कपाळ आलं, भुवया आल्या, आणि लाईन गेली.

"म्याडम, कावून थांबलं ओ?" अव्वा स्क्रीनला नाक लावून विचारत होत्या. "लेकराचे डोळे तर आलेच न्हाईत."

"कनेक्शन तुटलं अव्वा. परत लावते."

अंबाजोगाईत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. इंटरनेट नुकतंच आलं होतं आणि आमच्या गल्लीत ते फक्त माझ्याकडे होतं. घाटनांदूरचे आप्पा आणि त्यांची बायको अव्वा सकाळी क्लासचं कुलूप निघायच्या आधीच दारात उभे होते. आप्पांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची लेक अमेरिकेत बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. जावयानं फोटो ईमेलनं पाठवला होता, माझ्याच पत्त्यावर.

त्याच दिवशी दुपारी घाटनांदूरला बारसं होतं. पाहुणे आले होते, आचारी बसला होता, पाळणा सजला होता. पाळण्यात ठेवायला फक्त लेकरू नव्हतं. म्हणून फोटो ठेवायचा ठरला होता. आणि खरी अडचण वेगळीच होती. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, की बाळाचं घरचं नाव अव्वांनीच ठेवायचं. अव्वांचं म्हणणं, "तोंड बघितल्याबिगर नाव कसं ठेवू? लेकरू काय कापडाचा ताका हाय, न बघता शिक्का मारायला?"

आता हे तोंड यायचं कसं, ते सांगते. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या ओळी. त्या फोनच्या तारेतून एकामागून एक यायच्या आणि चटई विणत जावी तसा फोटो वरून खाली उतरायचा. मध्येच लाईन तुटली की सगळी चटई उसवायची. पुन्हा कपाळापासून सुरुवात.

दुसऱ्यांदा लावलं. मोडेम किंचाळलं, जोडणी झाली. कपाळ, भुवया, मिटलेला एक डोळा. अव्वांनी हात जोडले. तेवढ्यात वरून घरमालकीण कुसुमकाकूंचा आवाज आला.

"अगं, फोनात कोल्हे ओरडायलेत काय?"

झालं. माझी लाईन आणि काकूंची लाईन एकच होती. वरचा फोन पॅरलल. वर कुणी रिसीव्हर उचलला की खाली माझं इंटरनेट तुटायचं. एरवी काकू दुपारी बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांना लातूरच्या बहिणीला लोणच्याबद्दल काहीतरी तातडीनं विचारायचं होतं.

आप्पा उठले. धोतर सावरत जिना चढले. वर काय बोलणं झालं ते मला खाली स्पष्ट ऐकू आलं.

"ताई, मी घाटनांदूरचा. माझी नात खालच्या मजल्यावर यायलीय. अर्धी आलीय. तुमी फोन उचलला की ती माघारी जाती."

"अगंबाई! मग बसा की इथं. मी हातसुद्धा लावत न्हाई."

"तुमी लावणार न्हाई, पण घरात मानसं हायेत. मीच बसतो."

आप्पा रिसीव्हरवर हात ठेवून राखणीला बसले. काकूंनी त्यांना चहा दिला, तो त्यांनी डाव्या हातानं प्यायला.

तिसऱ्यांदा लाईन टिकली. पण फोटो मुंगीच्या पावलानं उतरत होता. मी फाईलचा आकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. जावयानं कौतुकानं फोटो एवढा मोठा स्कॅन केला होता, की छापला असता तर क्लासची भिंत भरली असती. या वेगानं हनुवटी येईपर्यंत बारशाच्या पंगती उठल्या असत्या.

मी डाऊनलोड थांबवलं.

"बंद कावून केलं?" अव्वा घाबरल्या.

"जावयांना सांगते, लहान करून पाठवा म्हणून."

"तिथं आता रात हाय की. झोपला असंल तो."

तरी मी ईमेल केला. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा तसंच लिहायचो. उत्तर लगेच आलं. "जागाच आहे. तुमची नात झोपू देत नाही." सोबत लहान केलेला फोटो.

मी वाचून दाखवलं, तर अव्वांना हसू आवरेना. "बरं झालं! तिच्या आईनं मला असंच जागवलंय."

या वेळी फोटो सरसर उतरला. डोळे, नाक, आवळलेल्या मुठी. गुलाबी, गुबगुबीत पोर. अव्वांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग स्क्रीनवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

वरून आप्पा ओरडले, "आली का? कुणावर गेलीय?"

"नाक तुमचं हाय! आता काय करावं!"

फोटो सेव्ह झाल्यावर मी हाक मारली, "आप्पा, सोडा फोन!" आप्पा असे उतरले, की मागून काकू "जिना, जिना!" करत आल्या.

मग मी प्रिंट दिली. कागद बाहेर आला. पोर निळी होती. कपाळापासून मुठींपर्यंत निळी.

"लेकराला काय झालं?" अव्वांनी कागद ओढून घेतला.

"काही नाही अव्वा, स्क्रीनवर बघा, गुलाबीच आहे." मी घाईनं समजावलं. प्रिंटर तीन रंग मिसळून छापतो, निळा, गुलाबी आणि पिवळा. वापर कमी, म्हणून माझ्याकडचे गुलाबी नि पिवळा सुकले होते. नवीन शाई लातूरहून आणावी लागणार होती. घाटनांदूरची बस तर सुटायला आली होती. "काळीपांढरी काढून देऊ का?"

अव्वा कागद निरखत होत्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"न्हाई. हीच द्या. आवं, ऐकलं का? ही नीलाम्मा हाय."

"माझ्या आजीचं नाव," आप्पा मला म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

निळी नीलाम्मा बसनं घाटनांदूरला गेली, पाळण्यात झोपली, पाळणा गाऊन घेतला. मी जावयांना नाव कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "छान! पण हे सुचलं कसं?" मी सविस्तर कळवायचं टाळलं.

रंगीत प्रिंट गिऱ्हाईकाच्या हाती देण्याआधी एक टेस्ट प्रिंट काढावी, हा नियम मी तेव्हापासून पाळते. त्या दिवशी पाळला असता, तर अमेरिकेतल्या एका पोरीचं घरचं नाव आज काहीतरी दुसरंच असतं.