व्हर्लिनचं नाक

व्हर्लिन टॅकेटचं नाक ही आमच्या गावाची सामाईक मालमत्ता होती. इथे केंटकीत व्हिस्कीची पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक ओकची पिंपं आतून जाळायच्या भट्टीवर. लाकडाला गोडसर वास कधी सुटतो आणि तो करपट कधी होतो, हे त्याला नुसत्या धुरावरून कळायचं. निवृत्तीनंतर तो आमच्या घरगुती बिअरवाल्यांच्या मंडळात आला आणि आम्ही आपापली नाकं वापरायचंच सोडून दिलं.

ओकच्या ढलप्या तो घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा. घरभर धूर झाला म्हणून त्याची बायको जिनिव्हा कुरकुरायची. मग लोणच्याच्या बरण्यांमध्ये त्या ढलप्या व्हिस्कीत भिजत घालायचा आणि आम्हाला एकेक बरणी वाटायचा. "दहा दिवस बिअरमध्ये ठेवायच्या. अकराव्या दिवशी माझ्याकडे रडत यायचं नाही," हे ठरलेलं वाक्य. एकदा आमच्या हॉलिसने ढलप्या महिनाभर तशाच ठेवल्या, तेव्हा व्हर्लिनने ग्लास हुंगून विचारलं होतं, "हॉलिस, ही प्यायची आहे की हिचं टेबल करायचंय?"

पण खरा सोहळा मार्चमध्ये. व्हिस्की काढून घेतलेलं एक रिकामं पिंप आम्ही आणायचो. दहा जणांनी आपापल्या घरी एकाच कृतीची काळी बिअर करायची, वीस-वीस लिटर, आणि ठरलेल्या शनिवारी हॉलिसच्या गॅरेजात ती त्या एकाच पिंपात ओतायची. लाकडात मुरलेली व्हिस्की सहा महिन्यांत बिअरमध्ये उतरते. एक बादली नासकी निघाली तर दहाही जणांची मेहनत वाया जाते, आणि पिंपही कायमचं बाद होतं. म्हणून ओतण्याआधी प्रत्येक बादली व्हर्लिनच्या नाकाखालून जायची. चाखणं त्याला कमीपणाचं वाटायचं, आणि त्याने हुंगल्यावर पुन्हा चाखायची आमची काय टाप.

त्या वर्षी जानेवारीत तो तापाने तीन आठवडे अंथरुणात होता. फेब्रुवारीत चर्चच्या जेवणात ताक नासलेलं निघालं. सगळ्यांनी नाकं मुरडून पेले खाली ठेवले. व्हर्लिनने मात्र आपला पेला संपवला आणि ओठ पुसले. मी समोरच बसले होते. सर्दी असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प राहिले.

मार्चच्या त्या शनिवारी सकाळी मी माझी बादली उघडली तर झाकण एका बाजूने उचललेलं. आत व्हिनेगरचा वास, फार नाही, पण होता. ती तिथेच मोरीत ओतायला हवी होती. पण अकरा वर्षांत माझी बादली कधी चुकली नव्हती, आणि ओपलची बिअर नासली हे हॉलिसच्या तोंडून गावभर ऐकायची माझी तयारी नव्हती. नासकी असेल तर व्हर्लिन पकडेलच, असं म्हणत मी ती गाडीत ठेवली. खरं सांगायचं तर ते ताकही मला आठवत होतं. त्याने पकडावी असंही वाटत होतं आणि पकडू नये असंही. त्याची मला आज लाज वाटते.

व्हर्लिन बादलीवर वाकला. पूर्वी हुंगताना तो डोळे मिटायचा. या वेळी ते उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी चेहरा कोरा ठेवला.

"ठीक आहे, ओत," तो म्हणाला. मी ओतली.

माझ्यामागे मार्वा होती, आमच्यातली सगळ्यात नवी. घटस्फोटानंतर गावात आलेली, पेट्रोल पंपावर कामाला. मंडळ सोडलं तर ती कुठे जायची नाही.

"हात बघा कसे थरथरतायत," ती म्हणाली. "लग्नातसुद्धा एवढी घाबरले नव्हते."

"तेव्हा घाबरली असतीस तर वाचली असतीस," व्हर्लिन म्हणाला, आणि सगळ्यात जास्त तीच हसली.

सप्टेंबरात बूच काढलं. पहिला घोट हॉलिसने घेतला आणि दारात जाऊन थुंकला. दोनशे लिटर व्हिनेगर.

"नव्या माणसाची बादली एकच होती," तो म्हणाला.

"मी सगळं दोनदा धुतलं होतं," मार्वा म्हणाली.

"आम्ही तीनदा धुतो."

बोलायची ती वेळ होती. मी ग्लासात बघत राहिले.

तेवढ्यात व्हर्लिन उठला. "तिला बोलू नका. हुंगली मी होती. जानेवारीपासून मला कशाचाच वास येत नाही. मला जळकं कळणार नाही या भीतीने जिनिव्हाने घरात धूर झाला की वाजणारा भोंगा बसवून घेतलाय."

"मग सांगायचं नाही का?" हॉलिस म्हणाला.

"सांगून तुमच्यात कशाला बसलो असतो? खुर्च्या मांडायला?" त्याने जाकीट उचललं आणि तो निघून गेला.

व्हर्लिनने चूक स्वतःवर घेतली खरी, पण नासकी बादली मार्वाचीच, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. तिनेही. तिने आपलं बिअरचं पातेलं आणि बादल्या कुणाला तरी देऊन टाकल्याचं कानावर आलं. मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

शेवटी एका दुपारी मी व्हर्लिनकडे गेले. तो अंगणात बसून तेच पिंप फुलझाडांसाठी मधोमध कापत होता.

"ती बादली माझी होती," मी म्हणाले. "सकाळीच वास आला होता मला."

करवत थांबली.

"नाक गेलं होतं, म्हणून त्या दिवशी मी प्रत्येक बादलीवर वाकायचो आणि समोरच्याचं तोंड बघायचो," तो म्हणाला. "ज्याने बिअर केली त्याला ठाऊक असतंच. मार्वाचंही बघितलं. घाबरली होती पोर, पण लपवत काही नव्हती."

"आणि माझं?"

"तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, ओपल आहे, काही असतं तर बोलली असती."

मला रडू आलं. त्याने समजूत घातली नाही.

"मार्वाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"मग आधी इथे कशाला आलीस?"

त्याने पुन्हा करवत उचलली. मी डोळे पुसले आणि गाडीकडे गेले. पंपावर मार्वाची ड्युटी दोनपर्यंत असते, आणि सव्वा वाजून गेला होता.