हळदीच्या ढिगापुढे बोललेला आकडा

"आजी, बाजारात भाव ठरतो कसा, यावर मी प्रबंध लिहितोय," असं विनू म्हणाला तेव्हा मी पदराआड हसून घेतलं. हा माझा नातू पुण्याला अर्थशास्त्र शिकलेला, पण वांगी आणायला धाडला तर नेमकी किडकी आणणारा. त्याला सांगलीचे हळदीचे सौदे बघायचे होते. आमचे हे हयात असताना हळदीचाच व्यापार करायचे, म्हणून मीही निघाले. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय.

लढाईची वर्षं. साताऱ्याहून स्टेशनपर्यंत कोळशावरची मोटार. भाडं पूर्ण घेतात आणि चढ आला की उतारूंनाच ढकलायला लावतात. पुढे आगगाडी, तीही फौजेच्या गाड्यांना वाट देत थांबतथांबत. मिरजेला गाडी बदलावी लागते. जाणार असाल तर दशम्या बांधून न्या. सांगलीत खानावळीत भात मागितला तर मालक आभाळाकडे बोट दाखवतो. उन्हाळा असा, की घशाखाली उतरलेलं पाणीही गरम लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत गेलो. हवेतच हळद. एका ढिगाशी तानूबाई बसली होती, कराडकडची, माझ्यापेक्षा बरीच लहान.

"पोरगं फौजेत हाय," ती म्हणाली. "पुन्याच्या इस्पितळात पडलंय. पाय कापत्यात म्हनं. हळद इकून दुपारच्या गाडीनं जायाचं."

तिच्या ढिगाचा सौदा सुरू झाला. अडत्यानं हातावर उपरणं टाकलं. एकेक व्यापारी यायचा, उपरण्याखाली हात घालून अडत्याची बोटं दाबायचा आणि गप्प बाजूला व्हायचा. कुणी किती सांगितले ते दुसऱ्याला कळत नाही, म्हणून जो तो पोटातला खरा भाव देतो. विनू वहीत भराभर लिहीत होता.

"हे बाहेरून कुणालाच कळणार नाही, आजी," तो म्हणाला. "प्रबंधात ही जागा कोरी राहणार."

"तुला कळणार नाही. मी यांच्या मागे बसून वीस वर्षं ही कोपरं बघितलीत."

"थापा!"

झालं. मला चेव चढला. तेवढ्यात एका जाड्या व्यापाऱ्याचं कोपर हललं आणि मी ठसक्यात म्हणाले, "लिही. चार बोटं, मग दोन. बेचाळीस!"

माझा आवाज पहिल्यापासूनच मोठा.

उपरण्याखालचा हात बाहेर आला. जाड्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. आता सगळ्यांना आकडा कळला होता. अडत्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"सौदा मोडला. ह्यो ढीग परवा."

"आवं, परवा कसं? माजं पोरगं..." तानूबाई उठून उभी राहिली. व्यापारी पुढच्या ढिगाकडे गेले होते.

दुपारी तिनं ती हळद कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिली, त्यानं म्हटलं त्या भावाला. मी माझ्या कनवटीचे पैसे पुढे केले.

"भाडं हाय माज्याकडं, आजी," ती म्हणाली. "लंगडं पोर घरी येनार. त्याचं वरीसभराचं खानं त्या ढिगात व्हतं."

पैसे घेतले नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पोराचा पाय राहिला का, मला आजतागायत ठाऊक नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. कृष्णा आली तशी गेली, मी बघितली नाही.

प्रबंध झाला. विनूनं हौसेनं वाचून दाखवला. सांगलीचं पान आलं: 'एका ढिगास त्या दिवशी गिऱ्हाईक मिळाले नाही. कारण समजू शकले नाही.'

"कारण लिही की," मी म्हटलं. "कारण तुझी आजी."

"संशोधनात असं लिहीत नाहीत गं," तो म्हणाला आणि मायेनं माझा हात धरला. बोटं तशीच दाबली, जशी त्या उपरण्याखाली दाबतात, कुणाला कळू नये म्हणून.

त्यानं नाही लिहिलं. म्हणून सूनबाईला बसवलं. तिला म्हटलं, मोठ्या अक्षरात काढ.