बर्फावर गरवणारी माझी सासू

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ तर नाहीच — त्याचीच ती आई. तुमच्याजवळ बोलतेय ते का, मलाही नीट सांगता येणार नाही. पण आधी सासूबाईंबद्दल सांगू द्या. तेवढं तरी खरंखुरं सांगते.

आम्ही दोह्यात, बिन महमूदला राहतो. माझं ऑफिस वेस्ट बेमध्ये, नवरा गॅस प्लांटवर शिफ्टला. लेक झाली तेव्हा सासूबाई देवबागहून आल्या आणि तिच्यासाठी राहिल्या. गाबितांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या. सासरे लवकर गेले, तेव्हा स्वतः होडी वल्हवत खाडीत गरी टाकून त्यांनी मुलाला इंजिनियर केलं. असं किती जणींना जमतं? मला नसतं जमलं.

ऑफिसातली माझी वरिष्ठ, ऐगुल, कझाकस्तानची. लेक चार वर्षांची असताना, जानेवारीत, तिने आम्हा काही जणांना घरच्यांसह तिच्या गावी बोलावलं — गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला. नवऱ्याला रजा मिळेना. मग मी, लेक आणि सासूबाई गेलो.

तळं कसलं, पांढरं माळरानच ते. ऐगुलच्या भावाने गिरमिटाने बर्फात भोकं पाडली आणि प्रत्येकाच्या हातात वीतभर काठी दिली. दोन तास कुणालाच काही लागलं नाही. सासूबाईंनी मात्र काठी बाजूला ठेवली, हातमोजा काढला, दोर बोटावर घेतला आणि भोकाशी उकिडव्या बसल्या. साडीखाली माझ्या दोन ट्रॅकपँट, वर मुलाचं जुनं जॅकेट, डोक्याला टॉवेल. मी म्हटलं, आई, बोटं गळून पडतील.

"दोर बोटाक सांगता गो," त्या म्हणाल्या. "हातमोज्याक काय कळतला?"

आणि बोटाला कळलं! आधी दोन ट्राउट, ठिपक्याठिपक्यांचे. मग दिवस कलल्यावर दोर तळाशी सोडून त्यांनी एक बरबॉट वर घेतला — हातभर लांब, बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी. वाम आणि शिंगाळा यांचं लेकरू म्हणा ना. ऐगुलचा भाऊ टाळ्या वाजवायला लागला. सगळे जमले. त्या लहान मुलासारख्या हसत होत्या. दोराला गाठ बसली होती ती त्यांनी दातांनी तोडली आणि तिथेच, बर्फावर, मासा साफ करायला घेतला.

दिल्लीची निशा माझ्याच टीममधली. तिची आई खुर्चीत बसली होती, निवृत्त प्राध्यापिका, लोकरी कोटातली. तिने नाकाला रुमाल लावला. सकाळपासूनच्या गडबडीत ओळख करून द्यायची राहिलीच होती, आणि नेमकं तेव्हाच ऐगुलने मला विचारलं — कौतुकाने हं, अगदी कौतुकाने — "या कोण?"

मी म्हणाले, "आमच्या कामाच्या मावशी. मुलीला सांभाळतात."

इंग्रजीत म्हणाले. इतकं सहज कसं निघालं? कुणी हसलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. फक्त एक रुमाल — आणि मला मासेवालीची सून व्हायचं नव्हतं. लेक त्यांना आजी म्हणते, त्याचंही कारण मीच पुढे केलं: लाडाने म्हणते.

संध्याकाळी ऐगुलच्या घरी जेवण. तिने सासूबाईंना हाताला धरून टेबलाच्या मुख्य जागी बसवलं. बरबॉटचं काळीज म्हणे सगळ्यात मानाचं, ते त्यांच्या ताटात वाढलं. तेवढ्यात निशा हिंदीत म्हणाली, "मौसी, इनके यहाँ कितने साल से काम कर रही हो?"

सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण हिंदी येते. त्यांनी निशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता बोलतील, असं वाटलं. मी मान खाली घातली — एवढंच मी केलं.

"चार साल," त्या म्हणाल्या. "अच्छे लोग हैं."

आणि जेवायला लागल्या. मी तेव्हाही काही बोलू शकले असते की नाही? बोलले असते, तर शेवटी खरं सांगितलं, निदान एवढं तरी उरलं असतं. त्याऐवजी मी भात पुढे केला आणि म्हटलं, "मौसी, लीजिए ना."

"जी, मॅडम," त्या म्हणाल्या.

झोपायच्या खोलीत त्यांनी लेकीचे ओले मोजे हीटरवर पसरले. म्हणाल्या, "काळीज काय गोड होता गो त्या माशाचा!" बस. त्यानंतर त्या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत — ना माझ्याशी, ना मुलाशी.

दोह्यात परतल्यावर ऐगुलने त्यांना अल दुहैलच्या तिच्या घरी बोलावलं. मी सांगितलं, मावशी काम सोडून गावी गेल्या. त्या वेळी त्या माझ्या स्वयंपाकघरात बांगडे तळत होत्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे त्या खरोखरच देवबागला परत गेल्या. दर शुक्रवारी फोन करतात. "जेवलंस गो?" एवढंच आधी विचारतात. मी त्या संध्याकाळचं बोलायचं ठरवते, श्वासही घेते — आणि म्हणते, हो आई, जेवले.

मागच्या शुक्रवारीही तेच म्हणाले.