नळाचा तुकडा

चहाची बशी हातात आली की अण्णा ती आधी उलटी करून बघायचे. लोटा असो, अडकित्ता असो, पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ असो, त्यांना मागची बाजू बघितल्याशिवाय चैन पडत नसे. "पुढनं समदे सारखेच दिसतात राव," म्हणायचे, "मागनं बघावं." एका लग्नात त्यांनी आहेराच्या भांड्यांच्या बुडावरची नावं मोठ्यानं वाचली. मुलाच्या मामानं दिलेल्या पातेल्यावर भलत्याच घराण्याचं नाव निघालं. त्या घरून पुन्हा कधी त्यांना आमंत्रण आलं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही माहितीत असेल. आपण हसतो आणि विसरून जातो. मला मात्र विसरता येत नाही. अण्णांना जाऊन कैक वर्षं झाली, तरी बशी हाती आली की त्यांची आठवण येते आणि चहा बेचव लागतो.

तुळजापुरात ते माझे शेजारी होते आणि ऑफिसातही आमची टेबलं लागूनच होती. ऑफिस पाणीपुरवठ्याचं. संस्थान विलीन झालं, निजामी अमल गेला, पण त्या अमलात पुरलेले लोखंडी नळ जमिनीत तसेच राहिले. त्यांचे नकाशे कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून लष्कराच्या भंगारातून आमच्याकडं एक यंत्र आलं, लढाईत सुरुंग हुडकायचं. लांब दांडा, खाली परातीएवढी थाळी, खांद्याला बॅटरीची पेटी आणि कानांवर दोन काळे डबे. खाली धातू असला की कानात कुईं व्हायचं. यंत्र अण्णांच्या ताब्यात होतं. थाळी फिरवता फिरवता ते एकदम डावा हात वर करायचे, "थांबा. बोलतंय."

नळाबद्दल ते क्वचितच बोलायचं. घोड्याची नाल निघायची, फाळाचं टोक निघायचं आणि निघायचे बिल्ले. पोलिस ॲक्शनच्या आधी तिरंगी बिल्ला घरात सापडला तर धडगत नव्हती, म्हणून लोकांनी तो परसात पुरला. ॲक्शननंतर ज्यांच्याकडं दुसऱ्या, निजामाच्या बाजूच्या वर्दीची बटनं होती, त्यांनी ती पुरली. वर पुन्हा निवडणुकांत वाटलेले टिनाचे बिल्ले होतेच. गंजलेलं चिन्ह बैलाचं की झोपडीचं यावर मी हौसेनं वाद घालायचो. अण्णा बिल्ला पुसून सरळ उलटा करायचे. मागं कडी असली तर वर्दीचं बटन, पिन असली तर चळवळीतला बिल्ला, पत्र्याची वाकवलेली जीभ असली तर निवडणुकीतला. एवढं बघून माझ्या हातात द्यायचे आणि पुढं सरकायचे.

कळंबला एका अंगणात असंच वर्दीचं बटन निघालं. घरमालक म्हातारा दारात उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला.

"क्या निकल्या साब?"

अण्णांनी बटन खड्ड्यात टाकून पायानं माती लोटली. "काय न्हाय चाचा. नळाचा तुकडा हाय."

म्हाताऱ्यानं आग्रहानं चहा पाजला. अण्णांनी तिथंही बशी उलटी करून बघितलीच. पुढं माझ्या ध्यानात आलं, की ज्याच्या दारात काही अडचणीचं निघेल, त्याच्यासाठी अण्णांचं हेच उत्तर ठरलेलं असायचं.

ते स्वतः कुठला बिल्ला शोधत होते, हे मला त्यांच्या आईनं सांगितलं. घर मूळचं अणदूरचं, शेतकऱ्याचं. थोरला मुलगा चळवळीत सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला तो परतलाच नाही. कुणी सांगे, तामलवाडीच्या शिवारात गोळी लागली. कुणी सांगे, सोलापुरात गिरणीच्या दारात दिसला.

"त्याच्या बिल्ल्याची पिन तुटली व्हती," म्हातारी म्हणाली. "ह्यांच्या मागं म्या जोडवी काढून ठिवली व्हती. त्यातल्या एकाचा तुकडा सोनाराकडनं बिल्ल्याच्या पाठीला झाळून घेतला. जीव हाय तवर काढणार न्हाय म्हणला. बिल्ला गावला न्हाय, म्हंजी पोर हाय कुटंतरी."

दर रविवारी अण्णा यंत्र घेऊन एसटीनं तामलवाडीला जायचे. मीही सोबत जायचो. कंडक्टर विचारायचा, "ह्याचं तिकीट?" अण्णा म्हणायचे, "सरकारी हाय त्ये. डुटीवर चाललंय." दिवसभर रानं पालथी घालून परतलो की म्हातारी उंबऱ्यात बसलेली असायची.

"काय गावलं का रं?"

"न्हाय आये."

"बरं झालं," म्हणायची आणि चहाचं आधण ठेवायला उठायची.

एका रविवारी, ज्वारी काढून झालेल्या रानात, बांधावरच्या बोरीखाली अण्णांचा हात वर गेला. "बोलतंय" मात्र ते म्हणाले नाहीत. खुरप्यानं उकरलं, अंगठ्यानं माती पुसली, हातातलं उलटं केलं. पाठीला काहीतरी काळं, वाकडं चिकटलेलं होतं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते घासलं तशी खालून चांदी चमकली. मग ते तिथंच मातीत बसले. कानांवरचे डबे काढायचंही त्यांना सुचलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी ते परत खड्ड्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू माती सारली.

मी विचारलं, "काय होतं अण्णा?"

"नळाचा तुकडा."

त्या रानात नळ कधी आलाच नव्हता. मी त्यांच्या कानांवरचे डबे काढले आणि यंत्र माझ्या खांद्याला घेतलं.

उंबऱ्यात म्हातारीनं विचारलंच. अण्णा म्हणाले, "न्हाय आये." "बरं झालं," म्हणून तिनं चहा आणला. अण्णांनी बशी घेतली आणि तशीच तोंडाला लावली.

तिथून पुढं आमचे रविवार संपले. म्हातारी मात्र आणखी काही वर्षं सुखानं जगली. एसटीचा हॉर्न वाजला की म्हणायची, "बघ रं, त्यो आला आसंल."

ती गेली. तिची राख सावडायच्या दिवशी भल्या सकाळी अण्णा माझ्या दारात आले. तामलवाडीला जाऊन येतो म्हणाले.

"यंत्र काढू का?" मी नकळत विचारून गेलो.

"कशाला? जागा ठावं हाय."

दुपार व्हायच्या आत ते परतले. अस्थींचं गाडगं फडक्यानं बांधायचं थांबवलं होतं. अण्णांनी मूठ उघडली, बिल्ला मला दाखवला, पाठीकडून. मग गाडग्यावर वाकून तो आत अलगद सोडला.

"आये," ते म्हणाले, "थोरला आला गं."