क्लचवरची काळी माती

नऊ वर्षांपूर्वीचा श्रावणी सोमवार. दुरुस्तीचा खर्च ब्याऐंशी हजार. गाडीत दोघं — मी आणि माझी बायको सुनंदा. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही, सुनंदालाही नाही.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, संजूची. दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी, तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. पुण्याहून तो ती भंगारात जाता जाता घेऊन आला आणि दोन वर्षं खपून गिअरबॉक्स स्वतः जोडला. बियाण्याच्या दुकानातली नोकरी सोडून जुन्या गाड्यांचं वर्कशॉप काढायचं होतं त्याला. पिंगळी रोडला शेडही भाड्याने घेतलं होतं. ही गाडी म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायचा पहिला नमुना.

पूजा झाली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. पहिली चक्कर घरातल्या थोरल्याची, म्हणजे माझी. नको म्हणता आलं असतं का? आलं असतं. पाऊस चालू होता, आणि असली गाडी मी कधी चालवली नव्हती.

संजू खिडकीशी वाकून म्हणाला, "दादा, पावसात दुसरा गिअर लय जड जातो. वेग उतरल्याबिगर खाली टाकू नका. मागची चाकं घसरतेत. अन् चप्पल काढा, तळाला माती हाय."

"तू चड्डीत होतास तवापासून जीप चालवायलोय मी," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. चप्पल मी काढली नाही — सकाळी शेतात जाऊन आलो होतो, काळी माती बोटभर चिकटलेली.

गंगाखेड रोडच्या वळणावर समोर म्हशी आल्या. मी चौथ्यावरून थेट दुसरा टाकला, वेगात. पाय क्लचवरून अर्ध्यातच सटकला. खडखड असा आवाज — आणि मागची चाकं एकदम जाम झाली. गाडी गर्रकन फिरून नालीत, दगडावर. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही.

फोन केल्यावर संजू मोटारसायकल दामटत आला. आधी वहिनीची चौकशी केली. मग एकच विचारलं, "दादा, क्लच पूर्ण दाबला होता ना?"

"पूर्ण. गिअरच अडकला. तुझ्या जोडणीत काहीतरी राहिलं असंल."

सुनंदानेही सांगितलं — आतून खडखड झालं, भावजी. ती बिचारी खरंच बोलत होती.

खोटं तेवढंच असतं, तर घाबरून तोंडातून गेलं असं तरी म्हणता आलं असतं. पण — हेच लिहायला इतका वेळ लागतो आहे — तो यायच्या आधी मी खाली वाकलो होतो. क्लचच्या पेडलवर माझ्या चपलेची माती होती, घसरत गेलेली. ती मी रुमालाने पुसली. नीट. कडेकडेनेसुद्धा. घाबरलेला माणूस कडा पुसतो का?

दुरुस्तीचे निम्मे पैसे, एक्केचाळीस हजार, मी दिले. थोरला भाऊ म्हणून कौतुक झालं माझं. संजूने तो गिअरबॉक्स तीनदा उघडला. तुटलेले दात बदलले, पण जोडणीत दोष काही सापडेना. एकदा ग्रीसने माखलेले हात तसेच मांडीवर ठेवून म्हणाला, "माझी चूकच मला दिसंना, दादा. उद्या गिऱ्हाइकाचा जीव जायचा." मी समोर होतो. तोंड उघडायला याहून चांगली वेळ कोणती होती? चहा घे, म्हणालो.

दिवाळीआधी त्याने शेड सोडलं. आज तो पुन्हा बियाण्याच्या काउंटरवर बसतो. घरची मोटारसायकल बिघडली तरी मेकॅनिककडे देतो.

गाडी नांदेडच्या एका दलालाला एक लाख दहा हजारांत गेली. त्या पैशांतून पहिली रक्कम त्याने मला आणून दिली, पूर्ण एक्केचाळीस हजार. "चूक माझी अन् भुर्दंड तुमाला कशाला, दादा?"

मी नोटा मोजल्या आणि ठेवून घेतल्या.